‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे नक्की कुठे नाही?

मागच्या वर्षी एका मित्राच्या पुस्तकविक्रीच्या वेबसाईटवर सकाळी सकाळी ‘ही साईट सुरक्षित नाही’ अशी सूचना दिसायला लागली. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तो सर्व्हर मी सांभाळतो, त्यामुळे पहिला फोन मलाच आला. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी ते आपोआप नवं व्हावं आणि वेब सर्व्हरने ते उचलावं, यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली फाइल, लावून ठेवली होती.

सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर नवं प्रमाणपत्र जागेवर हजर होतं. फाइलवर महिन्यापूर्वीची तारीख होती. म्हणजे डिस्कवर नवं प्रमाणपत्र होतं आणि ब्राउझरला मिळत होतं जुनं. लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडला तर त्यात एकच तक्रार होती: सातवी ओळ, एनजिनएक्स, कमांड नॉट फाउंड.

एनजिनएक्स हा तिथला वेब सर्व्हर. तो तर चालू होता! वेबसाईट तोच देत होता. जो प्रोग्रॅम त्याच यंत्रावर त्याच क्षणी काम करत होता, तो सापडत नाही असं तेच यंत्र सांगत होतं.

हल्ली महिन्याला काहीशे रुपयांत स्वतःचा सर्व्हर भाड्याने मिळतो. दिवाळी अंक, गावची संस्था, छोटा व्यवसाय, अशा अनेक वेबसाईट कुणीतरी हौसेने किंवा गरजेपोटी स्वतः चालवतो. त्यांच्यापैकी बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात हा संदेश भेटतो आणि बहुतेक जण त्याचा अर्थ ‘प्रोग्रॅम नाही’ असा घेतात. तिथूनच चुकीची वाट सुरू होते.

(या लेखात कमांड आणि फोल्डरची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.)

शोधतं कोण आणि कुठे?

आपण टर्मिनलवर काही टाइप करतो ते ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर बहुधा बॅश नावाचं शेल असतं. आपण ‘एनजिनएक्स’ एवढंच लिहिलं की त्या नावाची फाइल शोधून चालवणं हे शेलचं काम.

पण शेल सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे फोल्डरची एक ठरलेली यादी असते, तिला पाथ म्हणतात. ‘एको डॉलर पाथ’ असं टाइप केलं की ती समोर येते: एकापुढे एक फोल्डर, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके. शेल त्या यादीत डावीकडून उजवीकडे जातं आणि हव्या त्या नावाची पहिली फाइल दिसली की तीच चालवतं. यादी संपली आणि काही मिळालं नाही, तर ‘कमांड नॉट फाउंड’.

घरातलं उदाहरण घ्या. आईने मुलाला सांगितलं, सांडशी आण. त्याने ओटा पाहिला, भांड्यांची मांडणी पाहिली, फळी पाहिली आणि ओरडून सांगितलं, ‘नाहीये!’ सांडशी बाल्कनीतल्या टोपलीत आहे. मुलगा खोटं बोलत नाही. त्याला तीन जागा माहीत होत्या, त्या त्याने पाहिल्या. अशा वेळी कुठलीही आई बाजारात जाऊन नवी सांडशी आणत नाही. ती विचारते, ‘कुठे कुठे पाहिलंस?’

सर्व्हरला विचारायचा प्रश्नही हाच आहे.

ही यादी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाची, सातवी आवृत्ती आली. तिच्यातल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये पाथ होता, आणि आजचं बॅश त्याच घराण्यातलं. दर कमांडला सगळी डिस्क चाळत बसणं तेव्हा परवडणारं नव्हतं. आजही ते नकोच, कारण एकाच नावाच्या दोन फाइल दोन ठिकाणी असू शकतात आणि त्यातली कुठली चालवायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते यादीतला क्रम ठरवतो.

संदेशाचा पहिला शब्द वाचा

हा संदेश वाचताना लोक शेवटचे तीन शब्द वाचतात. मला पहिला शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला ‘बॅश’ असेल तर तुमच्या शेलने शोधलं. ‘सुडो’ (दुसरी कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवणारी कमांड) असेल तर सुडोने शोधलं, आणि त्याची यादी वेगळी असते. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर एखाद्या स्क्रिप्टच्या आत शोध झाला. शोधणारा कोण हे कळलं की अर्धं काम झालं.

त्याच्या शेजारचे दोन संदेशही वेगळे ओळखावेत. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे फाइल सापडली, पण चालवायची परवानगी नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे बहुधा तुम्ही पूर्ण पत्ता दिलात आणि त्या पत्त्यावर काही नाही. शेल हे आकड्यातही सांगतं: कमांड सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता आली नाही तर १२६. वेबसाईटच्या पीएचपी या भाषेतल्या कोडमधून एखादा बाहेरचा प्रोग्रॅम, समजा चित्र लहान करणारा, बोलावला आणि काहीच घडलं नाही, तर कित्येकदा हातात फक्त १२७ हा आकडा उरतो. तो ओळखता आला तर दोन तास वाचतात.

आणि हो, सगळ्यात आधी स्पेलिंग पाहा. लिनक्सला लहान-मोठी अक्षरं वेगळी. दुसरीकडून कॉपी केलेल्या ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह सोबत आलं, तर बॅश डॉलरलाच कमांड समजतं. व्हेरिएबलला किंमत देताना बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडली, तरी व्हेरिएबलचं नाव कमांड ठरून ‘नॉट फाउंड’ होतं. विंडोजवर लिहून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह असतं. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीवर ही तक्रार आली तर संशय तिथेच घ्यावा.

रूट झालो तरी सापडत नाही, असं कसं?

डेबियन हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्या कित्येकांना या प्रश्नाने रडवलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

लिनक्समध्ये रोजच्या कमांड ‘बिन’ नावाच्या फोल्डरात असतात आणि व्यवस्थापनाच्या ‘एसबिन’ नावाच्या फोल्डरात. वापरकर्ता जोडणं, वेब सर्व्हर चालू-बंद करणं, अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर नवी साईट सुरू करणं, यासाठीचे प्रोग्रॅम एसबिनमध्ये. डेबियनवर साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये एसबिन नसतो. खेळांचं फोल्डर असतं, पण एसबिन नाही. त्यामागचा विचार इतकाच की ज्याला ही कामं करायचीच नाहीत, त्याला ती नावं समोर कशाला?

रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता. त्याच्या यादीत एसबिन असतो. पूर्वी ‘एसयू’ टाइप करून पासवर्ड दिला की रूटचे अधिकार यायचे आणि रूटची यादीही यायची. जुलै २०१९ मध्ये डेबियन १० आलं आणि त्यात ‘एसयू’ हा प्रोग्रॅम वेगळ्या संचातून घेतला गेला. नव्या ‘एसयू’ने अधिकार दिले, पण यादी जुन्या वापरकर्त्याचीच ठेवली. लोक रूट होऊन ‘ॲड यूजर’ टाइप करायचे आणि उत्तर यायचं, कमांड नॉट फाउंड. दहा वर्षं हाताला सवय असलेली कमांड! मग लोकांनी पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केली, काहींनी अख्खी सिस्टिम पुन्हा बसवली.

उपाय एका आडव्या रेघेचा होता. नुसतं ‘एसयू’ न लिहिता ‘एसयू’, मोकळी जागा आणि एक डॅश. त्या डॅशचा अर्थ, रूट म्हणून नव्याने लॉगिन कर, यादी वगैरे सगळं त्याचंच घे. मुलाच्या हाती कपाटाची किल्ली दिली तरी कपाट कुठल्या खोलीत आहे ते सांगावं लागतं, तसंच हे. अधिकार असणं आणि जागा माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिन आणि एसबिन वेगळे ठेवण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही, असं अनेकांचं मत आहे. माझंही आहे. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने २०२५ मधल्या ४२व्या आवृत्तीत ते दोन्ही एकत्र केले. पण भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन आणि त्यावरून बनलेलं उबुंटूच जास्त भेटतात, त्यामुळे हा फरक माहीत असलेला बरा.

सुडो लावलं की सगळं चालतं ना?

बऱ्याचदा चालतं, म्हणूनच गोंधळ वाढतो. सुडो तुमची यादी वापरतंच असं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर पाथ’ नावाची स्वतःची यादी असते आणि बहुतेक सर्व्हरवर ती लागू असते. कुणी तुमच्या यादीत गुपचूप एखादं फोल्डर घुसवलं तरी रूटच्या अधिकाराने भलताच प्रोग्रॅम चालू नये, हा हेतू.

याचा फटका नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना बसतो. एनव्हीएम नावाच्या साधनाने नोड बसवलं तर ते तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरात बसतं आणि तुमच्याच पाथमध्ये नोंदवलं जातं. नुसतं ‘नोड’ लिहिलं तर चालतं, ‘सुडो नोड’ लिहिलं की नॉट फाउंड. रेड हॅट या लिनक्सच्या आणखी एका घराण्यातल्या सर्व्हरवर तर सिक्युअर पाथमध्ये ‘यूएसआर लोकल बिन’ हे फोल्डर सहसा नसतं, आणि हाताने बसवलेले बरेच प्रोग्रॅम नेमके तिथेच जातात.

‘सुडो सीडी’ चालत नाही त्याचं कारण वेगळं आहे. फोल्डर बदलणारं ‘सीडी’ शेलच्या आतच असतं. सुडो बाहेर सीडी नावाचा प्रोग्रॅम शोधतं, आणि चालेल असा प्रोग्रॅम असूच शकत नाही. वेगळा प्रोग्रॅम स्वतःचं फोल्डर बदलेल, तुमच्या शेलचं कसं बदलणार?

इन्स्टॉल करून टाकलं तर काय बिघडलं?

कधी कधी प्रोग्रॅम खरंच नसतो. ‘आयएफ कॉन्फिग’ घ्या. नेटवर्कची माहिती देणारी ही जुनी कमांड नेट टूल्स या पॅकेजमध्ये येते, आणि नव्या सर्व्हरवर ते पॅकेज बहुधा आधीपासून नसतं. ‘नेटस्टॅट’चंही तेच. तिथे जुनं इन्स्टॉल करण्यापेक्षा ‘आयपी’ आणि ‘एसएस’ या नव्या कमांड शिकलेल्या चांगल्या, त्या तिथे आधीच असतात.

कधी प्रोग्रॅम असतो, पण नाव वेगळं. अपाचे वेब सर्व्हरला डेबियन-उबुंटूवर ‘अपाचे टू’ म्हणतात आणि रेड हॅट घराण्यात ‘एचटीटीपीडी’. साईट सुरू करणारी ‘ए टू एन साईट’ ही कमांड फक्त डेबियनच्या घराण्यातली आहे. रेड हॅटवर ती नाही, तिथे सेटिंगची फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवायची असते. डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठी बनवलेल्या बंदिस्त छोट्या वातावरणात, सेवा चालू-बंद करणारं ‘सिस्टिम सीटीएल’ बहुधा नसतं, आणि अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर आधारित कंटेनरमध्ये खुद्द बॅशही नसतं. तिथे ‘एसएच’ हे साधं शेल वापरायचं.

म्हणून आधी पाहावं, आहे का? ‘टाइप डॅश ए’ पुढे कमांडचं नाव लिहिलं की यादीत ती कुठे कुठे आहे ते शेल सांगतं. यादीबाहेर शोधायचं तर ‘व्हेअर इज’ किंवा ‘फाइंड’. न पाहता इन्स्टॉल केल्याने दुसरी प्रत बसते. मग टर्मिनलवर एक पीएचपी, वेबसाईटला दुसरं, आणि एक्स्टेन्शन बसवलं तरी वेबसाईटला दिसत नाही म्हणून आपण डोकं धरून बसतो.

आणखी एक. उबुंटू अशा वेळी स्वतःहून सुचवतं की अमुक पॅकेज बसवा. सोय चांगली आहे, पण त्या सूचनेत फसवं पॅकेज घुसवता येऊ शकतं हे २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं. सर्व्हरवर सूचना वाचावी, पॅकेज कुणाचं आहे ते बघावं, मगच बसवावं.

मग सगळेच फोल्डर यादीत टाकू या की!

हा मोह सगळ्यांना होतो. विशेषतः आपली स्क्रिप्ट आपण उभे आहोत त्याच फोल्डरात असते, नाव टाइप करतो आणि सापडत नाही. समोर तर आहे! पण सध्याचं फोल्डर यादीत नसतं, आणि ते मुद्दाम. असतं तर काय झालं असतं बघा. वेबसाईटवर लोक फाइल चढवतात. त्या फोल्डरात कुणी ‘एलएस’ नावाची घातक फाइल ठेवली, तुम्ही रूट म्हणून तिथे गेलात आणि काय काय आहे ते पाहायला ‘एलएस’ टाइप केलंत. यादीत ते फोल्डर आधी असेल तर त्याची फाइल तुमच्या अधिकाराने चालली. म्हणून आपल्या हाताखालची स्क्रिप्ट चालवताना टिंब आणि तिरकी रेघ लावायची: ‘इथलीच चालव’ असं स्पष्ट सांगायचं.

यादीत भर घालताना होणारी सर्वांत मोठी चूक मी जवळून पाहिली आहे. नव्या फोल्डरचं नाव पाथला देताना शेवटी ‘दोन ठिपके, डॉलर पाथ’ लिहायचं राहिलं. म्हणजे जुन्या यादीत भर पडली नाही, जुनी यादीच पुसली गेली. पुढच्या क्षणापासून ‘एलएस’ नाही, ‘कॅट’ नाही, ‘सुडो’ नाही. ज्याच्या हातून हे झालं त्याला सर्व्हर गेलाच असं वाटलं. प्रत्यक्षात एकही फाइल हलली नव्हती. पूर्ण पत्ता देऊन, म्हणजे ‘/बिन/एलएस’ असं लिहून, सगळं चालत होतं. शेलच्या आत असलेलं ‘एक्सपोर्ट’ही चालत होतं, त्यामुळे यादी हाताने लिहून परत देता आली. बदल फाइलमध्ये लिहिला नसेल तर नव्याने लॉगिन केलं तरी जुनी यादी परत येते. म्हणूनच असा बदल आधी टर्मिनलवर करून पाहावा, चालला तर मग फाइलमध्ये लिहावा.

माझ्या हाताने चालतं, रात्री आपोआप का चालत नाही?

आता त्या प्रमाणपत्राकडे येतो.

ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या व्यवस्थेला क्रॉन म्हणतात. आपण लॉगिन करतो तेव्हा शेल आपल्या सेटिंगच्या फाइल वाचतं आणि यादी लांबते. क्रॉन यातलं काहीच वाचत नाही. वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधल्या कामांना डेबियनवर यादीत दोनच फोल्डर मिळतात: ‘यूएसआर बिन’ आणि ‘बिन’. क्रॉनटॅब रूटचा असला तरीही.

माझ्या स्क्रिप्टमधली, प्रमाणपत्र आणणारी सर्टबॉट ही कमांड यूएसआर बिनमध्ये होती. ती सापडली, तिने नवं प्रमाणपत्र आणून ठेवलं. पुढच्या ओळीत ‘एनजिनएक्स, नवं प्रमाणपत्र वाच’ असा हुकूम होता. एनजिनएक्स राहतो एसबिनमध्ये. नॉट फाउंड. वेब सर्व्हर प्रमाणपत्र सुरुवातीला वाचून स्मरणात ठेवतो, पुन्हा वाचायला सांगेपर्यंत तो तेच दाखवत राहतो. महिनाभर त्याने जुनंच दाखवलं, ते वैध होतं म्हणून कुणाला कळलं नाही. मुदत संपली त्या सकाळी कळलं.

स्क्रिप्ट लावताना मी ती हाताने चालवून पाहिली होती, सुडो लावून. तेव्हा एसबिन यादीत होता, म्हणून सगळं सुरळीत झालं. ती चाचणी सुडोच्या यादीने झाली होती, क्रॉनच्या यादीने नाही. हेच पीएचपीच्या पार्श्वभूमीतल्या कामांना लागू आहे आणि दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचने (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) पाठवलेल्या एकट्या कमांडलाही: तिथे पूर्ण लॉगिन होत नाही, त्यामुळे यादी आखूड असू शकते.

क्रॉनसारख्याच रिकाम्या वातावरणात स्क्रिप्ट तपासता येते. ‘एनव्ही डॅश आय’, पुढे पाथला फक्त ती दोन फोल्डर, पुढे बॅश आणि स्क्रिप्टचं नाव. मी तसं केलं आणि पहिल्याच फटक्यात तीच सातवी ओळ समोर आली.

दुरुस्ती दोन जागी केली. स्क्रिप्टमध्ये एनजिनएक्सचा पूर्ण पत्ता लिहिला, ‘/यूएसआर/एसबिन/एनजिनएक्स’, आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर पाथची पूर्ण यादी दिली, म्हणजे उद्या कुणी आठवी ओळ वाढवली तरी अडू नये. क्रॉनच्या तक्रारींची मेल कुणीच न उघडणाऱ्या खात्यावर जात होती, ती मित्राच्या आणि माझ्या पत्त्यावर वळवली. मग त्याच रिकाम्या वातावरणात स्क्रिप्ट पुन्हा चालवली. कुठलीही तक्रार न करता ती संपली. मित्राला फोन करून पान पुन्हा उघडायला सांगितलं, आणि कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून मुदतीची तारीख मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचलेली तारीख दोन महिन्यांनंतरची होती.